१९६५-६६ मस्टँगचा स्वे बार आणि सस्पेन्शन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेट्रॉइटच्या आसपास गाड्यांच्या धंद्यात पोट भरणारी मराठी माणसं कमी नाहीत. त्यातल्या बऱ्याच जणांना चाळिशीच्या आगेमागे फोर्डच्या जुन्या मस्टँग गाडीचा ताप चढतो. मलाही चढला. १९६६ ची कूपे, २८९ घनइंचांचं आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन, गेली अकरा वर्षं गॅरेजमध्ये आहे. त्यातली पहिली चार ती स्टँडवरच होती. आता मंडळाच्या गणपतीला ती नेली की आरती होईपर्यंत निम्मे बाप्ये पार्किंगमध्ये उकिडवे बसून तिच्या पोटाखाली बघत असतात. सगळ्यांचा प्रश्न एकच, स्वे बारच्या जाडीचा: "बार कितीचा टाकलाय?" दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढलं. आकडे १९६५ आणि १९६६ च्या गाडीचे आहेत. १९६७ पासून बऱ्याच गोष्टी बदलल्या.

स्वे बार नेमकं करतो काय?

पुढची चाकं ज्यांच्यावर वर-खाली होतात त्या दोन लोअर (खालच्या) आर्मना जोडणारा तो एक पोलादी दांडा. मधला भाग पुढच्या रेल्सना (गाडीच्या पोटाखालच्या लांब तुळयांना) रबरी बुशमध्ये धरलेला, दोन्ही टोकं मागे वळवून लिंकच्या बोल्टने आर्मला बांधलेली. दोन्ही चाकं एकदम वर उचलली गेली तर दांडा बुशमध्ये नुसता फिरतो, कुणाला अडवत नाही. गाडी वळणावर कलली की एक टोक वर, एक खाली, आणि दांडा पिळला जातो. ओलं धोतर पिळताना मनगटाला जो विरोध जाणवतो, तोच इथे गाडीला सरळ धरतो. आपल्याकडे मेकॅनिक यालाच अँटी-रोल बार किंवा स्टॅबिलायझर म्हणतात.

त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एकच चाक खड्ड्यात गेलं तर बार त्याचा धक्का दुसऱ्या चाकालाही वाटून देतो. मिशिगनमध्ये मार्च महिन्यात हे चांगलंच कळतं. दुसरं म्हणजे ज्या टोकाला बार कडक, त्या टोकाच्या बाहेरच्या टायरवर वळणात जास्त भार पडतो. पुढे कडक केला तर गाडी पुढून बाहेर ढकलली जाते, मागे कडक केला तर शेपूट बाहेर येऊ बघतं. बार निवडणं म्हणजे पुढचं आणि मागचं यांचा तोल निवडणं.

माझ्या गाडीला कंपनीकडून कोणता बार आला होता?

माझ्या गाडीखाली ०.६९ इंचाचा निघाला. जीटी मस्टँगच्या हँडलिंग पॅकेजला (वळणांसाठी कडक केलेलं सस्पेन्शन) ०.८४ इंचाचा मिळत असे आणि शर्यतवीर कॅरोल शेल्बीने मस्टँगवरून बनवलेल्या जीटी-३५० ला १ इंचाचा. पण साठ वर्षांत गाडीचे किती मालक झाले आणि कुणी काय बदललं, याचा भरवसा नाही. व्हर्नियर घेऊन खाली झोपा, रंग आणि गंज खरवडून मधल्या सरळ भागावर मोजा. रंगाचे तीन थर असले तर माप चांगलंच फसवतं.

मागे या दोन वर्षांच्या गाड्यांना कंपनीचा बार नव्हताच. मस्टँगला मागचा बार कंपनीने दिला तो काही वर्षांनी, मॅक-१ आणि बॉस या नावांच्या मस्टँगना. विकणाऱ्याने ६६ च्या गाडीचा "ओरिजिनल मागचा बार" दाखवला तर हसून पुढे जावं.

०.६९ आणि १ इंच यांत एवढा काय फरक?

दिसायला पाव इंचापेक्षा थोडा जास्त. पण भरीव दांड्याचा पिळाला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. हिशेब असा: ०.६९ चा बार एक धरला, तर ०.८४ चा सव्वादोनपट कडक, १ इंचाचा जवळजवळ साडेचारपट, आणि १.१२५ इंचाचा सातपट. म्हणजे कॅटलॉगमध्ये "फक्त इंचाचा आठवा भाग जास्त" असं वाचलं, तरी १ वरून १.१२५ वर जाताना कडकपणा ६० टक्क्यांनी वाढलेला असतो.

दांड्याच्या टोकाकडच्या हाताची लांबीही बघावी. हात जितका आखूड तितका बार कडक, आणि तोही वर्गाच्या हिशेबाने: १० इंचांचा हात ९ इंचांवर आणला तर कडकपणा साडेतेवीस टक्क्यांच्या आसपास वाढतो. काही बारांना टोकाशी दोन-तीन भोकं असतात ती याचसाठी.

मग मी कितीचा घेऊ?

रस्त्यावर चालवायची, कधीमधी ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावरच्या क्रूझला (जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीला) न्यायची व्ही-८ गाडी असेल, तर पुढे १ इंच. एवढंच. माझा चार वर्षांचा घोळ या एका वाक्यात संपला असता.

१.१२५ चा बार मी दोन वर्षं वापरला. सपाट वळणावर मजा यायची. पण एका बाजूचा खड्डा आला की डॅशबोर्डवरचा गणपती डोलायचा आणि बायको माझ्याकडे बघायची. ट्रॅकवर वरचेवर जाणाऱ्यांनी, आणि ज्यांचे टायर खरोखर चिकट आहेत त्यांनी तो जरूर घ्यावा.

इथे एक खाचखळगा आहे, तो समजून घेतला तर पुढचं सगळं सोपं जातं. पुस्तकात लिहिलेलं असतं की पुढे बार वाढवला की पुढची पकड कमी होते. मस्टँगवर अनुभव पुष्कळदा उलटा येतो. कारण तिच्या पुढच्या आर्मची मूळ रचना अशी की गाडी कलली की बाहेरचं चाकही तिच्यासोबत बाहेर कलतं आणि टायर त्याच्या कडेवर उभा राहतो. बारने गाडी कमी कलू दिली की तोच टायर रस्त्यावर जास्त सपाट बसतो. भार वाढल्याने जेवढं गेलं त्याहून जास्त इथे परत मिळतं. अर्थात एका मर्यादेपर्यंत.

मागेही बार लावू का? संच म्हणून स्वस्त पडतोय.

नको. निदान आधी नको. मागे अखंड ॲक्सल, पाट्यांवर बसलेली. एसटीच्या खाली असते तीच जात, फक्त अंगाने लहान. बऱ्याच गाड्यांना साधा डिफरेन्शियल (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा गिअर) असतो, आणि मागचा बार कडक झाला की वळणातून बाहेर पडताना आतलं चाक हलकं होऊन नुसतं फिरतं. पावसात याहून वाईट: शेपूट सुटतं, तेही न सांगता.

पुढे १ इंची बार, नीट अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) आणि चांगले टायर झाल्यावरही गाडी पुढून ढकलतेय असं वाटलं, तरच मागे बारीक, कमीजास्त करता येणारा बार लावून बघावा. आमच्यातल्या दोघांनी संच घेतला. दोघांचाही मागचा बार आज गॅरेजच्या भिंतीला टांगलेला आहे.

पोकळ बार घ्यावा का?

वजनाची काळजी असेल तर हो. पिळाचं बहुतेक काम दांड्याची बाहेरची सालच करते, मधलं पोलाद बरंचसं प्रवासी. बाहेरून १.१२५ आणि आतून ०.७५ इंचाचा पोकळ बार घेतला, तर तो १ इंची भरीव बारापेक्षा सुमारे २८ टक्के कडक आणि ३० टक्के हलका असतो. माझ्या मते रस्त्यावरच्या गाडीला हा खर्च चोचला आहे, पण चोचल्यांसाठीच तर आपण जुन्या गाड्या घेतो.

पैसे मोजके आहेत. कशापासून सुरुवात करू?

बारापासून नको. इथेच सगळे चुकतात, कारण बार डब्यातून चकचकीत निघतो आणि दोन तासांत बसतो.

गाडी स्टँडवर घ्या आणि पुढचं चाक वर-खाली, मग डावी-उजवीकडे धरून हलवून बघा. पण या गाडीत एक युक्ती ठाऊक हवी. स्प्रिंग लोअर आर्मवर नसून वरच्या आर्मवर बसते, म्हणून गाडीचं वजन वरच्या बॉल जॉइंटवर (आर्म आणि चाक जोडणाऱ्या गोल सांध्यावर) येतं. गाडी नुसती उचलली की स्प्रिंग तो जॉइंट घट्ट दाबून धरते आणि ढिलेपणा कळतच नाही. वरचा आर्म आणि खालची रेल यांच्या मध्ये लाकडी ठोकळा अडकवा, जॅक रेलखाली लावा, आणि मग चाक हलवा. माझ्या गाडीचा "एकदम टाइट" म्हणून विकला गेलेला जॉइंट ठोकळा लावल्यावर दुधाच्या दातासारखा हलला.

मग स्टिअरिंगचे सांधे: टायरॉड एंड, आयडलर आर्म, स्टिअरिंग बॉक्समधली मोकळीक. मग स्ट्रट रॉडचे बुश, लोअर आर्मचे बुश, पाट्यांचे बुश. मिशिगन-ओहायोची गाडी असेल तर त्याआधी गंज: रस्त्यावरच्या मिठाने पुढच्या रेल्स आणि पाट्याचं पुढचं टोक जिथे बसतं तो भाग पोखरला असेल, तर सस्पेन्शनचा विचार सोडून वेल्डरला गाठा. बारचं ब्रॅकेट कुजलेल्या रेलला आवळण्यात काही अर्थ नाही.

हे सगळं झालं की टायर, शॉक ॲब्सॉर्बर, अलाइनमेंट. नंतर स्प्रिंगा. नंतर बार. मी हाच क्रम उलटा केला होता, म्हणून छातीठोक सांगतो.

पुढच्या स्प्रिंगा कोणत्या? सगळे "६२०" म्हणतात ते काय?

६२० म्हणजे स्प्रिंग १ इंच दाबायला ६२० पौंड लागतात. ऐकायला भीतिदायक, पण चाकापाशी ते तेवढं नसतं. स्प्रिंग वरच्या आर्मच्या साधारण मध्यावर बसते, म्हणजे चाक २ इंच हललं की स्प्रिंग १ इंच दबते. तरफेचा हा हिशेब दोनदा लागतो, म्हणून चाकाला जाणवतो तो कडकपणा स्प्रिंगच्या पावपट, दीडशे पौंडांच्या आसपास. रस्त्यावरच्या व्ही-८ गाडीला ६२० ची, इंचभर खाली बसवणारी स्प्रिंग चांगली चालते. हात-पाय दुखत नाहीत.

जुन्या स्प्रिंगेच्या कड्या कापून गाडी खाली आणायचा सल्ला बराच मिळेल. पाव-अर्धी कडी कापणारे जुने कारागीर आहेत, त्यांना जमतं. आपण हॅकसॉ घेऊन सुरुवात केली की डावी-उजवी कधीच सारखी होत नाही. टॉर्चने तापवून बसवणं तर अजिबात नको. स्प्रिंगेचं पाणी जातं.

आणि मागचे पाटे?

मूळ चार पाट्यांचा संच असतो. साठ वर्षांत तो उलटा वाकून बसलेला असेल तर नवा घ्या, जुन्याला कमान देऊन आणलेली महिनाभर टिकते. साडेचार पाट्यांचा, डोळा (पाट्याच्या टोकाचं बोल्टसाठीचं वेटोळं) मध्यावर असलेला संच गाडी इंचभर खाली आणतो आणि अंगानेही थोडा कडक असतो; पुढच्या ६२० शी त्याची जोडी जमते. पाच पाट्यांचा संच रोज मागे चार पोती सिमेंट नेणाऱ्यांसाठी.

पुढच्या डोळ्यातला बोल्ट काढताना दिवस राखून ठेवा. तो बुशच्या आतल्या नळीला गंजून एकजीव झालेला असतो. मी दोन दिवस तेल सोडलं, तापवला, हातोडे मारले. शेवटी करवतीचं पातं फटीत घालून दोन्ही बाजूंनी कापला. नवा बोल्ट घालताना त्याच्या अंगाला अँटी-सीझ (गंजून चिकटू न देणारं ग्रीस) लावलं. पुढच्या मालकाची सोय.

शॉक कोणते घ्यावेत?

स्प्रिंगेला शोभतील असे. मूळच्या मऊ स्प्रिंगांवर कडक गॅस शॉक टाकले तर गाडी टणटण उडते आणि लोक दोष स्प्रिंगांना देतात. ६२० आणि साडेचार पाट्यांवर बिलस्टीन किंवा कोनी छान. जीटी-३५० ला शेल्बीने कोनीच लावले होते. खिसा हलका असेल तर केवायबीचे साधे शॉक. त्यांचेच गॅसचे कडक शॉक मात्र मला रस्त्यावर त्रासदायक वाटले.

मागच्या शॉकचे वरचे नट डिकीतून उघडतात. गालिचा आणि त्याखालची चटई उचला, म्हणजे मी केलं तसं अर्धा तास गाडीखाली झोपून "वरचं टोक गेलं कुठं" असं करावं लागणार नाही.

बुश रबराचे की पॉलीयुरेथेनचे?

जिथे बुशने फक्त एका दिशेत फिरायचं आहे, तिथे पॉली (रबराहून कडक प्लास्टिक) चालतो. जिथे त्याला वाकडं-तिकडं व्हावं लागतं, तिथे रबर. स्वे बारच्या ब्रॅकेटमध्ये आणि लिंकांमध्ये पॉली घाला, फायदा लगेच कळतो. सिलिकॉनचं ग्रीस भरपूर लावा, नाहीतर पहिल्या पावसानंतर गाडी लग्नातल्या सनईसारखी वाजेल.

स्ट्रट रॉडला पॉली घालू नका. हा रॉड लोअर आर्मपासून पुढे रेलपर्यंत जातो. आर्म वर-खाली होताना रॉडचं पुढचं टोक बुशमध्ये कोनात हलतं. रबर ती हालचाल पोटात घेतं. पॉली घेत नाही; मग वाकायचं काम रॉडला करावं लागतं, आणि पोलाद वारंवार वाकलं की शेवटी तडकतं. मी कॅटलॉगमधल्या "पूर्ण पॉली संच" या शब्दांना भुललो. दुसऱ्या वर्षी तेल बदलताना सहज हात फिरवला, तर आटे संपतात तिथे रॉडला केसासारखी रेघ होती. नखाला लागत होती. ब्रेक लावताना तो रॉड सुटला असता तर चाक मागे चाकाच्या कमानीत गेलं असतं. त्या संध्याकाळी मी रबराचे बुश मागवले आणि रॉडही नवे. गोलाकार जॉइंटवाले स्ट्रट रॉडही मिळतात. ते उत्तम, फक्त महाग आणि थोडे आवाजी.

बुश आवळताना काही विशेष?

आहे, आणि हे चुकलं तर नवा रबर बुश सहा महिन्यांत फाटतो. लोअर आर्म, स्प्रिंगेची बैठक आणि पाट्यांच्या डोळ्यांचे बोल्ट हवेत लटकलेल्या चाकांवर पक्के आवळायचे नाहीत. रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं. ज्या स्थितीत आवळाल ती त्याची विश्रांतीची जागा. गाडी खाली उतरली की ते कायमचं पिळलेलं राहतं. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-तीनदा दाबून बसू द्या, मग चाकांवर उभ्या गाडीखाली शिरून आवळा. रॅम्प असतील तर सोपं. पॉलीला हा नियम नाही, कारण तो नळीवर घसरतो.

आर्निंग ड्रॉप म्हणजे काय? करावा का?

फोर्डच्या क्लाउस आर्निंग नावाच्या इंजिनिअरचं हे काम. लोक शेल्बी ड्रॉपही म्हणतात. वरच्या आर्मचा आतला आस १ इंच खाली आणायचा, म्हणजे शॉक टॉवरमध्ये (इंजिनच्या दोन्ही बाजूंचे उभे खांब, ज्यांत स्प्रिंग आणि शॉक बसतात) जुन्या भोकांच्या खाली नवी दोन-दोन भोकं पाडायची. त्याने वळणात चाक आत कलायला लागतं, जे मूळ रचनेत होत नव्हतं. १९६५ च्या जीटी-३५० ला हे केलेलं होतं. १९६६ च्या उत्पादनात मध्येच खर्चापायी सोडून दिलं.

माझ्या मते पैशाच्या हिशेबात या गाडीला यासारखं दुसरं काही नाही. लागतो तो एक साचा, चांगलं ड्रिल आणि धीर. गाडी त्याने अर्ध्या इंचाच्या आसपास खालीही बसते, म्हणून १ इंच खाली आणणाऱ्या स्प्रिंगांबरोबर करताना एकूण उंचीचा हिशेब आधी करावा. १ इंचापेक्षा जास्त खाली गेलात तर वरचा बॉल जॉइंट त्याच्या कोनाच्या शेवटाला जाऊन अडतो. मग त्यासाठी पाचरीचा संच लागतो. एका इंचावर थांबा.

ज्यांना गाडी कारखान्यातून आली तशी ठेवून स्पर्धेत दाखवायची आहे, त्यांनी अर्थातच भोकं पाडू नयेत.

एक्स्पोर्ट ब्रेस आणि मॉन्टे कार्लो बार हे स्वे बारचेच प्रकार का?

नाहीत. नावात बार आहे एवढंच. स्प्रिंगेचा सगळा जोर शॉक टॉवरच्या डोक्यात जातो आणि ते टॉवर पत्र्याचे. वर्षानुवर्षं खड्डे खाऊन ते आत झुकतात. एक्स्पोर्ट ब्रेस टॉवरना मागच्या काउलशी (पुढच्या काचेखालच्या आडव्या भागाशी) बांधतो. खराब रस्त्यांच्या देशांत जाणाऱ्या गाड्यांना कंपनी तो लावायची, नाव तिथून आलं. मॉन्टे कार्लो बार दोन टॉवरच्या मध्ये आडवा बसतो.

तो बसवायला गेलात आणि भोकं जुळली नाहीत, तर दोष बारचा नसतो. टॉवर जवळ आलेत. ओढून-ताणून बोल्ट घुसवण्याआधी टॉवरच्या कडांना तडे आहेत का ते तारेच्या ब्रशने साफ करून बघा. कन्व्हर्टिबल असेल तर हे दोन्ही ब्रेस स्वे बारच्या आधी घ्या. छप्पर नसलेली गाडी आधीच पिळते.

खड्ड्यात पुढून पलंगासारखी करकर येते. बार गेला का?

बार क्वचित. बहुतेक वेळा स्प्रिंगेची बैठक, नाहीतर वरच्या आर्मचा शाफ्ट. बैठकीतलं रबर झिजलं की लोखंडावर लोखंड फिरतं. रोलर बेअरिंगवाली बैठक मिळते, तिने आवाजही जातो आणि गाडीही मऊ चालते. मी घेतलेल्या वस्तूंतली ही सगळ्यात समाधान देणारी. शाफ्टच्या टोकांना ग्रीसचे प्लग असतात, पण तिथे ग्रीसगन पोचवणं म्हणजे सुईत दोरा ओवणं. काटकोनी निपल आधीच बसवून घ्या.

लिंकचा बोल्ट ढिला असेल तर आवाज टक-टक असा येतो, करकर येत नाही.

स्प्रिंगा घरी काढता येतील?

येतील, पण मस्टँगसाठीचा आतून धरणारा कॉम्प्रेसर भाड्याने आणा, जो टॉवरच्या वरून शॉकच्या जागेतून आत जातो. बाहेरून धरणारे दोन हुकवाले कॉम्प्रेसर इथे नकोत. जागाच नाही आणि हुक घसरला तर स्प्रिंग पाहुण्यासारखी दार वाजवून येत नाही. दाबलेल्या स्प्रिंगेच्या रेषेत तोंड नेऊ नका. पोरांना त्या दिवशी मामाकडे पाठवा.

अलाइनमेंटचे आकडे कोणते द्यावेत?

१९६५ च्या पुस्तकातले आकडे त्या काळच्या बायस (तिरक्या धाग्यांच्या) टायरसाठी होते. रेडियल टायरवर ते दिले की गाडी हायवेवर भटकते. रस्त्यासाठी माझे आकडे: कॅम्बर (समोरून बघता चाक आत-बाहेर कलणं; उणे म्हणजे वरून आत) शून्य ते उणे अर्धा अंश, कॅस्टर (बाजूने बघता स्टिअरिंगच्या आसाचा मागे कल) अधिक २ ते ३ अंश, टो-इन (वरून बघता चाकांची पुढची टोकं आत वळणं) इंचाचा आठवा भाग. पॉवर स्टिअरिंग नसेल तर कॅस्टर २ वर ठेवा, नाहीतर पार्किंग करताना हात भरून येतात. आर्निंग ड्रॉप केला असेल तर कॅम्बर अर्ध्या अंशापेक्षा जास्त उणे देण्याची गरज पडत नाही.

अडचण वेगळीच आहे. १९६५-६६ मध्ये कॅम्बर-कॅस्टर वरच्या आर्मच्या मागे शिम (पातळ पत्र्या) घालून जुळवतात. १९६७ पासून लोअर आर्मला एक्सेन्ट्रिक बोल्ट (फिरवला की आर्म सरकवणारा) आला. हल्लीच्या दुकानातला विशीतला पोरगा एक्सेन्ट्रिक शोधत बसतो आणि शेवटी "फक्त टो केला" म्हणून पूर्ण पैसे घेतो. शिमांची पुडी आणि आकडे लिहिलेला कागद घेऊन जा, आणि आधी फोन करून विचारा की शिम घालणारा माणूस कामावर आहे का.

माझी गाडी सहा सिलिंडरची आहे.

आर्म तेच, पण चाकाला चार नट, मागची ॲक्सल हलकी, ड्रम ९ इंची. पुढचं इंजिन हलकं म्हणून ६२० ची व्ही-८ स्प्रिंग घातली तर नाक वर राहतं. सहा सिलिंडरसाठीची स्प्रिंगच मागवा. बार ०.८४ पुरतो. आणि वाचलेले पैसे ब्रेकवर घाला, हे मनापासून.

टॉवर कापून मस्टँग-टू या नंतरच्या मस्टँगचं सस्पेन्शन बसवलं तर?

मोठं इंजिन घालायला जागाच हवी असेल तर ठीक. नाहीतर मूळचं सस्पेन्शन नीट केलं तर रस्त्यावर काहीही कमी पडत नाही. टॉवर गेले की जो भार त्यांच्यातून काउलकडे जायचा तो सगळा पुढच्या रेल्सवर येतो, आणि त्या रेल्स त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. एकदा कापल्यावर परत फिरणं महाग.

बार बसवताना होणाऱ्या चुका?

लिंक आवळताना गाडी चाकांवर हवी. एका बाजूचा लिंक लांब आणि दुसरा आखूड राहिला, तर बार उभ्या गाडीतच पिळलेला असतो आणि गाडी डावीकडे एक, उजवीकडे दुसरी वागते. लिंकचे रबर चेंडूसारखे फुगेपर्यंत आवळू नका. वॉशरच्या कडेपर्यंत पसरले की थांबा. बार उलटा बसवणारेही असतात. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून टायर बारला घासत नाही ना, हे रुंद टायर घातलेल्यांनी बघायलाच हवं.

पुण्यात माझ्याकडे पद्मिनी आहे. यातलं काही उपयोगी पडेल?

आकडे नाहीत, विचार सगळा. पुढे विशबोन (वरचे-खालचे आर्म) आणि कॉइल स्प्रिंगा, मागे अखंड ॲक्सल आणि पाटे, म्हणजे नातं जवळचंच. चौथ्या घाताचं गणित कुर्ल्यात बनलेल्या गाडीलाही तेच. पण तिच्यात बॉल जॉइंटच्या जागी किंगपिन (चाक ज्याभोवती वळतं ती उभी खीळ) आहेत, त्यामुळे आधी किंगपिन आणि त्यांचे बुश बघा; नाना पेठेत नाहीतर मुंबईत ऑपेरा हाउसला चक्कर मारलीत तर किट मिळेल. मोजून, जुना तुकडा खिशात घेऊन जा.

गाडी पन्नाशी ओलांडलेली असेल आणि व्हिंटेज नोंदणी करायची असेल, तर काही कापण्याआधी २०२१ चे नियम वाचा. "व्हीए" अक्षरांचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. पण गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. बोल्टने बसणारा, बोल्टने निघणारा बार आणि टॉर्चने कापलेली चासी यांत आरटीओच्या साहेबाला फरक कळतो. जुने भाग मात्र फेकू नका, नाव लिहून पोत्यात बांधून माळ्यावर ठेवा. माझा ०.६९ चा बार अजून गॅरेजच्या छताला लटकलेला आहे.